मूळ तबकडी आणि धुतलेला आवाज

मंडपात संध्याकाळची आरती झाली, प्रसाद वाटून झाला, की थोडा वेळ गाणी लावायची ही आपल्याकडची जुनी रीत. पूर्वी कुणाच्या तरी घरून ग्रामोफोन यायचा, मग टेपरेकॉर्डर आला, आता मोबाइल स्पीकरला जोडला की काम भागते. गेल्या वर्षी अशाच एका संध्याकाळी कुणीतरी बालगंधर्वांचे ‘स्वयंवर’ नाटकातले एक पद लावले. नव्याने साफसूफ केलेले, खरखर नसलेले. आवाज इतका नितळ की मागे बसलेल्या एका सूनबाईंनी विचारले, "हे आजकाल कोण म्हणतं?" उत्तर मिळण्याच्या आधीच आमच्यातले एक जण म्हणाले, "हीच तबकडी आमच्या माळ्यावर आहे. पण तिच्यात हे असं ऐकू येत नाही."

‘असं’ म्हणजे कसे, यावर त्या रात्री वाद झाला. कोणी म्हणाले, मूळ ते मूळ. कोणी म्हणाले, मूळ काय चाटायचे आहे, शब्द तरी कळतात का त्यात? वाद मिटला नाही, म्हणून ऐकूनच बघू असे ठरले. आम्ही म्हणजे शनवाऱ्यातल्या तीन-चार घरांतली, साठी ओलांडलेली मंडळी. आमच्यातल्या कुणाचेही संगीताचे रीतसर शिक्षण झालेले नाही. पण वर्षभरात बरेच ऐकले, थोडे वाचले, एक तबकडी स्वतःच्या हाताने खराब केली, आणि एक गोष्ट अशी कळली की जिच्यामुळे आमच्या एका घरात बरेच दिवस अस्वस्थता होती. ती पुढे येईलच.

ज्या घराच्या माळ्यावर ही पेटी होती ते शनवारा दरवाज्याच्या आतले जुने घर. घरातले आजोबा कापडाच्या पेढीवर कामाला होते. पेढीच्या कामाने वर्षातून दोनदा मुंबईला जायचे आणि जी.आय.पी. रेल्वेने परत येताना तबकड्या आणायचे. तबकडी लाखेची, पडली की काचेसारखी फुटणारी. म्हणून ती सामानात न ठेवता रात्रभर मांडीवर घेऊन बसायचे आणि लालबागच्या स्टेशनावर उतरले की टांगेवाल्याला आधी सांगायचे, "सावकाश घे." अशा करून ऐंशीच्या आसपास तबकड्या जमल्या होत्या, असे घरात सांगतात. आम्ही पेटी खाली काढली तेव्हा एकतीस निघाल्या. बाकीच्यांचे काय झाले, तेही पुढे सांगतो.

आधी तबकडीची गोष्ट, कारण ‘मूळ’ म्हणजे काय हे त्याशिवाय कळत नाही.

१९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्ग नावाच्या माणसाने कलकत्त्याला गौहरजानचे गाणे मुद्रित केले. भारतातल्या व्यावसायिक ध्वनिमुद्रणाची सुरुवात इथून धरतात. तेव्हा वीज नाही, मायक्रोफोन नाही. भिंतीतून आलेल्या एका मोठ्या कर्ण्यात तोंड घालून गायचे. आवाजाच्या जोराने कर्ण्याच्या शेवटचा पातळ पडदा हलायचा, त्याला जोडलेली सुई मेणाच्या थाळीवर रेघ कोरायची. ती मेणाची थाळी जहाजाने जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायची. तिथे तिच्यावरून धातूचा ठसा बनायचा, ठशावरून लाखेच्या तबकड्या दाबल्या जायच्या आणि महिन्यांनी परत इकडे यायच्या. हॅनोव्हरच्या कारागिराला कुठली थाळी कुणाची हे कळावे, म्हणून गाणे संपताच गायिका आपले नाव मोठ्याने सांगायची. गौहरजानचे ते इंग्रजीतले नाव सांगणे प्रसिद्धच आहे. १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदह इथे कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच तयार होऊ लागल्या. पुढे तो कारखाना डमडमला गेला. कुत्र्याच्या चित्राच्या ज्या तबकड्या आपण घरोघरी पाहिल्या, त्या बहुतेक डमडमच्या.

गंमत अशी की तबकडीची लाख मात्र आपल्याच बाजूची. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचा किडा बसतो. लाखेचे जगातले मुख्य उत्पादन हिंदुस्थानात होते आणि त्यात मध्य प्रांताच्या जंगलांचा वाटा मोठा. या लाखेत दगडाची बारीक पूड आणि काजळी मिसळून तबकडी बनायची. पूड मुद्दाम घालत, कारण पोलादी सुई तिच्यावर घासून लवकर खाचेच्या आकाराची व्हावी. म्हणजे ज्या खरखरीचा आपण राग करतो ती वापराने आलेली तर आहेच, पण काही अंशी जन्मापासूनच तबकडीच्या अंगात आहे. नवी कोरी तबकडीही थोडी खरखरायचीच.

आता बालगंधर्वांच्या पदाकडे या. ‘स्वयंवर’ १९१६ मध्ये रंगभूमीवर आले. नाटक खाडिलकरांचे, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. गंधर्व नाटक मंडळीत सारंगीला कादरबक्ष, तबल्याला पुढे अहमदजान थिरकवाँ. नाटकगृहात एक पद ‘वन्समोअर’ घेत घेत पाव तास चालणे ही सामान्य गोष्ट होती. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला मात्र सव्वातीन मिनिटांच्या आसपासच वेळ मिळायचा. म्हणजे आलाप छाटायचा, ताना मोजक्या, शब्द पटापट, आणि शेवटच्या समेला कर्णा बंद. कर्ण्याच्या काळात तर आणखी पंचाईत. साधारण अडीचशेपासून अडीच हजार हर्ट्झपर्यंतचाच आवाज तो पकडायचा. तबल्याच्या डग्ग्याचा खर्ज त्याच्या खाली राहायचा, तंबोऱ्याची जवारी त्याच्या वर. साथीदारांनी किती लांब बसायचे, वरचा स्वर आला की गायकाने तोंड किती मागे घ्यायचे, हे सगळे कंपनीचा माणूस ठरवायचा. १९२५ नंतर मायक्रोफोन आला, दोन-चार वर्षांत आपल्याकडेही पोचला, आणि मग कुठे आवाजाला अंग आले. जी. एन. जोशींचे ‘रानारानात’ हे मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांचे गीत १९३० नंतरच्या पहिल्या वर्षांत तबकडीवर आले आणि घराघरात गेले. त्यातल्या हलक्या आवाजाच्या गायकीला कर्ण्यापुढे जागाच नव्हती. भावगीत मायक्रोफोनमुळे शक्य झाले असे आम्ही म्हणू, कोणाला पटो न पटो.

म्हणून तबकडीला ‘मूळ’ म्हणताना जरा थांबावे लागते. रंगभूमीवरचे गाणे हे मूळ. त्याची कर्ण्यात कोंबलेली तीन मिनिटे ही त्याची पहिली नक्कल.

हे आम्हाला सुचले नाही, आमच्यातल्या एकाच्या पुतण्याने सुचवले. तो इंदूरला असतो आणि त्याला इंग्रजी रॉक संगीताच्या जुन्या एलपी गोळा करायचा नाद आहे. बीटल्स, पिंक फ्लॉइड, लेड झेपेलिन अशी नावे त्याच्या तोंडी असतात. आम्हाला त्यातले ओ की ठो कळत नव्हते. पण त्याने सांगितले की आमचा हा वाद जगभर पन्नास वर्षे चालू आहे आणि तिकडे लोक त्यापायी घरे-दारे विकायचे बाकी आहेत. एकाच अल्बमच्या पहिल्या छपाईची एलपी आणि नंतर ‘रिमास्टर’ करून काढलेली सीडी शेजारी ठेवून लोक रात्र-रात्र ऐकतात.

त्याने दिलेली दोन उदाहरणे आम्हाला फार उपयोगी पडली. पहिले लेड झेपेलिनच्या १९६९ मधल्या दुसऱ्या अल्बमचे. रॉबर्ट लडविग नावाच्या तंत्रज्ञाने त्याची पहिली तबकडी इतक्या जोरकस आवाजात कोरली की स्वस्तातल्या प्लेअरवर सुई उडायची. कंपनीने घाबरून ती मागे घेतली आणि मवाळ करून पुन्हा कोरून घेतली. आज लोक शोधतात ती उडवणारी पहिली. दुसरे उदाहरण बीटल्सचे. २००९ च्या सप्टेंबरात त्यांचे सगळे अल्बम नव्याने साफ करून स्टिरिओत आले, आणि त्याच दिवशी मोनोचा वेगळा संचही काढावा लागला. कारण जाणकारांचे म्हणणे असे की साठच्या दशकात त्या चौघांनी आणि त्यांच्या ध्वनितंत्रज्ञांनी जीव ओतला तो मोनोत, स्टिरिओ नंतर घाईने उरकला. म्हणजे तिकडेही ‘मूळ कोणते’ याचे उत्तर एक नाही.

आणि एक गोष्ट ऐकून आम्ही उडालो. इंग्लंड-अमेरिकेत अठ्ठ्याहत्तरच्या लाखेच्या तबकड्या बंद झाल्यावरही आपल्याकडे त्या निघतच होत्या, कारण चावीचे ग्रामोफोन घरोघरी होते आणि वीज सगळीकडे नव्हती. त्यामुळे बीटल्सची गाणी १९६३ पासून काही वर्षे आपल्या डमडमला लाखेच्या तबकडीवरही छापली गेली. ज्या कारखान्यात आमच्या आजोबांची नाट्यपदे दाबली गेली त्याच कारखान्यात! त्या तबकड्यांना आज परदेशात मोठी किंमत येते. पुतण्या हे सांगत असताना आमच्या पेटीकडे ज्या नजरेने बघत होता ती आम्ही ओळखली. दुर्दैवाने आजोबांना बीटल्स माहीत नव्हते.

तर रिमास्टर करतात म्हणजे नेमके काय? कंपनीकडे धातूचा ठसा असेल तर त्याच्यावरून, नसेल तर मिळेल तितक्या चांगल्या तबकडीवरून आवाज पुन्हा उतरवून घेतात. सुई योग्य जाडीची लागते. अठ्ठ्याहत्तरच्या तबकडीची खाच एलपीच्या खाचेपेक्षा जवळजवळ तिप्पट रुंद. एलपीची सुई तिच्यात घातली तर ती तळाशी गाळात फिरते आणि सगळा कचराच वाजतो. मग संगणकावर टिक-टिक, खट्ट, सूं असे आवाज वेगळे ओळखून काढतात. खट्ट काढणे सोपे, तो क्षणभराचा असतो. ‘सूं’ काढणे अवघड, कारण तो गाण्याच्या अंगावर सर्वत्र पसरलेला असतो आणि वरच्या पट्ट्यात त्याचीच शेजारी म्हणजे स, श, च, त ही व्यंजने बसलेली असतात. तो जास्त घासला की तीही जातात. ‘सखी’चा ‘स’ बोथट होतो, टाळ्यांचा आणि झांजांचा कडा जातो. शेवटी आवाजाची उंची वाढवतात. कुजबुज आणि आरोळी दोन्ही एका पातळीवर आणतात, म्हणजे गाडीत किंवा गर्दीतही सगळे ऐकू यावे. रॉकवाले लोक या शेवटच्या पायरीवर फार चिडतात. त्यांचे चिडणे आम्हाला बरोबर वाटते.

आपल्याकडे तर याहून मोठे प्रताप झाले. साठ-सत्तरच्या दशकांत स्टिरिओची हवा आली तेव्हा जगभर मोनोच्या जुन्या मुद्रणांना खोटा स्टिरिओ करून विकले गेले. खालचे सूर डावीकडे, वरचे उजवीकडे, जणू गायकाला मधून चिरले आहे. आणि नव्वदच्या दशकातल्या ‘झंकार बीट्स’च्या कॅसेटी आठवतात ना? आपल्या खंडव्याच्या किशोरकुमारांच्या गाण्यामागे कुणीतरी ड्रम बडवतो आहे. ते बसमध्ये तासन्‌तास ऐकलेली आमची पिढी आहे. त्यापुढे आजचे रिमास्टर म्हणजे संतच म्हणायचे.

मार्च महिन्यातल्या एका रविवारी दुपारी आम्ही ऐकायला बसलो. पुतण्याने इंदूरहून प्लेअर आणला होता, जाड सुईचा, वेग कमी-जास्त करता येणारा. घरचा चावीचा ग्रामोफोनही तयार ठेवला, पण प्रत्येक तबकडी त्यावर एकदाच वाजवायची असे ठरले. कारण त्याच्या साउंडबॉक्सचे शंभर ग्रॅमहून अधिक वजन पोलादी सुईवरून खाचेवर पडते, ते प्रत्येक वेळी थोडे गाणे खरवडून घेते. शेजारून पेटी आणली. आणि घरातल्या काकूंना पुढे खुर्ची दिली. काकूंचे वय शहाऐंशी. या घरात सून म्हणून आल्या तेव्हा सासरे रोज संध्याकाळी ग्रामोफोन लावायचे.

पहिल्यांदा चावीच्या ग्रामोफोनवर लावले. खोली भरून गेली हे खरे. आवाज बारीक, पण समोर उभा. खरखर तर होतीच, पण पाच-दहा सेकंदांत कान तिला बाजूला सारतो, जसा पावसातही समोरच्याचे बोलणे ऐकू येते तसा. आमच्यातल्या दोघांचे डोळे भरून आले. मग इंदूरच्या प्लेअरवर तीच तबकडी. इथे आवाज अधिक भरीव, ऑर्गनचे सूर वेगळे कळू लागले. मग मोबाइलवरचे साफ केलेले पद.

आम्ही सगळ्यांनी आधीच ठरवून टाकले होते की काकू म्हणणार, मूळच चांगले. काकू म्हणाल्या, "हे मोबाइलमधलं छान आहे." पुतण्या हिरमुसला. तो म्हणाला, "अहो आजी, पण ती जुनी खरखर, त्यातली मजा..." काकूंनी त्याला थांबवले. "खरखर तेव्हाही कुणाला आवडत नव्हती रे. मामंजी दर तबकडीला नवी पिन का लावायचे? दोनशे पिनांची डबी संपली की घरात कुरकुर व्हायची. आम्हाला शब्द ऐकायचे असायचे, ते ऐकू येईनात म्हणून कान कर्ण्याला लावायचो." 

जे आमच्यासाठी जुन्या काळाचा सुगंध झाले होते, ते त्या काळातल्या माणसासाठी निव्वळ अडचण होती. मुद्रण करणाऱ्यालाही ती नकोच होती. मग तीच काढून टाकणाऱ्याला गुन्हेगार का ठरवायचे? हे उत्तर आम्हाला बिनतोड वाटले, तोवर काकूंनीच पुढे विचारले, "पुन्हा एकदा लावा. ती तान संपली ना, तिथे ते दम घ्यायचे. तो कुठे गेला?"

पुन्हा लावले. साफ केलेल्या पदात तानेनंतर अगदी निःशब्द होते, आणि मग पुढची ओळ. तबकडीवर त्याच जागी खरखरीच्या आतून श्वास घेतल्याचा हलका आवाज येत होता. तिथे संगणकाने श्वासालाही खरखर समजून पुसले होते. आम्ही शहाण्यांनी तीन वेळा ऐकूनही ते टिपले नव्हते. काकूंना मात्र सासऱ्यांच्या ग्रामोफोनवरून तो श्वास पाठ होता.

यानंतर पेटी उघडली, आणि दुपार बिघडली.

अठ्ठ्याहत्तर हा वेग नावापुरता. सुरुवातीच्या काळात कंपनीचा तंत्रज्ञ आपल्या सोयीने मेणाची थाळी फिरवायचा. कधी सत्तर, कधी ऐंशी. तबकडीवर वेग बहुधा लिहिलेला नसतो. समजा गाणे चौऱ्याहत्तरला मुद्रित झाले आणि आपण अठ्ठ्याहत्तरला वाजवले, तर सव्वातीन मिनिटांचे पद दहा सेकंद आधी संपते आणि स्वर जवळजवळ अर्धा स्वर चढतो. काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी दोनच्या आसपास जाऊन बसतो. आवाज कोवळा होतो, ताना तयार वाटतात. जुन्या गायकांच्या ज्या चपळ तानांचे आपण गोडवे गातो, त्यांतल्या काही गायकाच्या गळ्याइतक्याच मोटारीच्याही असू शकतात. हे जाणकार संग्राहक फार दिवसांपासून सांगत आले आहेत. म्हणून चांगले रिमास्टर करणारा आधी खरखरीला हात लावत नाही. गायक कुठल्या पट्टीत गायचा हे शोधतो, निरनिराळ्या तबकड्या ताडून बघतो आणि वेग ठरवतो. पेटीवर ताडायचे तर तिचाही भरवसा मर्यादितच, जुन्या पेट्या सगळ्या एका मापाच्या नसत.

आम्ही पेटीवर षड्ज धरला. तबकडी आणि मोबाइल जवळपास सारखे निघाले. मग सहज म्हणून घरातली कॅसेट लावली. १९८५ च्या सुमारास घरच्यांनी सगळ्या तबकड्या एका दुकानात नेऊन कॅसेटवर उतरवून घेतल्या होत्या. कॅसेटवरचा षड्ज अर्ध्या स्वराहूनही जास्त वर लागला. कुठे चुकले, दुकानातल्या प्लेअरवर की टेपवर, हे आता कोण सांगणार! पण त्या घरातल्या दोन मुली त्या कॅसेटीवरून ही पदे शिकल्या होत्या. एकीने गणेशोत्सवात याच मंडपात ती म्हटली, शाबासकी मिळवली. ती आता नाशिकला शिकवते, तिच्या विद्यार्थिनी त्याच घाईच्या लयीत म्हणतात. तिला फोन करून सांगितले तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे मला दम पुरत नव्हता तो माझा दोष नव्हता."

आणि खरी कळ इथेच आहे. कॅसेटी झाल्या, आता या ठोकळ्यांचे काय करायचे, म्हणून त्या वर्षी निम्म्याहून अधिक तबकड्या भंगारवाल्याला वजनावर दिल्या. राहिल्या त्या केवळ माळ्यावरच्या पेटीत होत्या आणि पेटी काढायचा कंटाळा आला म्हणून. म्हणजे एकतीस पदांची चूक आज तपासता आली. पन्नासेक तबकड्यांची मात्र फक्त चढलेली, धावणारी कॅसेट उरली आहे, आणि तिच्यातलीही बरीच टेप बुरशीने गेली आहे. दुसऱ्या महायुद्धात लाखेची टंचाई झाली तेव्हा इंग्लंड-अमेरिकेत जुन्या तबकड्या परत घेऊन वितळवल्या गेल्या. त्यांना निदान युद्धाचे कारण होते.

याच संदर्भात आमच्यात ‘गीतरामायणा’ची गोष्ट निघाली. १९५५ च्या रामनवमीला, १ एप्रिलला, पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झाले आणि पुढल्या रामनवमीपर्यंत आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन गीते झाली. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली, आणि गाणारे मात्र अनेक: माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, राम फाटक, ललिता फडके. ज्या पात्राचे गीत त्याचा वेगळा आवाज. पुढे एचएमव्हीने दहा एलपींचा संच काढला तो सगळा बाबूजींच्या एकट्याच्या आवाजात. आमच्या पिढीला विचाराल तर गीतरामायण म्हणजे बाबूजी, दुसरा आवाज कानाला परका वाटतो. पण ज्यांनी ते १९५५ मध्ये रेडिओवर ऐकले असेल त्यांचे गीतरामायण दहा-बारा गळ्यांचे होते. त्यांना एलपी ही नंतरची आवृत्ती. दोघेही आपापल्या जागी मूळच ऐकत आहेत. बीटल्सच्या मोनो-स्टिरिओवरून भांडणाऱ्या साहेबांना आपण हे उदाहरण खुशाल द्यावे.

हे काम रीतसर करणारी माणसे आपल्यात आहेत, याचा अभिमान वाटतो. १९९० मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. सुरेश चांदवणकर तिचे आधारस्तंभ. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल किनियर यांनी भारतातल्या पहिल्या मुद्रणांच्या याद्या लावल्या. मुंबईच्या ‘यंग इंडिया’ नावाच्या स्वदेशी छापाच्या हजाराहून अधिक मुद्रणांचा आवाज चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संग्राहकांच्या घरांतून गोळा केला आणि तो ब्रिटिश लायब्ररीच्या प्रकल्पात जतन झाला. हे हजार आवाज कंपनीच्या तिजोरीत नव्हते, लोकांच्या माळ्यांवर होते. त्यात खरखर जशीच्या तशी ठेवून एक प्रत करतात. साफ करायचे ते दुसऱ्या प्रतीवर. आम्हालाही आता तेच बरे वाटते. साफ केलेले पद मंडपात लावायला उत्तम, काकूंचे मत आम्हाला मान्य आहे. पण ते कशावरून साफ केले ती वस्तू घरात पाहिजे, नाहीतर श्वास गेला हे सांगणार कोण?

आमच्या हातून तबकडी खराब झाली म्हणालो, ती कशी तेही सांगून ठेवतो. मास्टर कृष्णरावांची एक तबकडी फार मळलेली होती. आमच्यातल्या एकाने उत्साहाने कापसावर स्पिरिट घेऊन पुसली. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, हे फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कुठल्याही सुताराने सांगितले असते. कापूस काळा झाला आणि तेवढ्या जागेतले गाणे कापसावर निघून आले. आता त्या जागी सुई नुसतीच सूं करत जाते. ती तबकडी आम्ही टाकलेली नाही.

घर या दिवाळीनंतर पाडणार आहेत. पेटी सध्या मंडळाच्या एका सभासदाच्या घरी तळमजल्यावरच्या खोलीत आहे, कारण आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याखालच्या माळ्यावर तबकड्या पापडासारख्या वाकतात. सगळ्या उभ्या ठेवल्या आहेत, एकीवर एक नाही. तीस तबकड्यांच्या दोन्ही बाजू पुतण्याने खरखरीसकट उतरवून घेतल्या, वेग लिहून ठेवला.

शनवारा, इतवारा, सिंधीपुरा, लालबाग, जिथे कुणाच्या माळ्यावर अशी पेटी असेल त्यांनी ती यंदा पाचव्या दिवशी संध्याकाळी मंडपात आणावी. कोरड्या मऊ फडक्यात गुंडाळून आणावी, पुसू नये. ग्रामोफोन आणि प्लेअर दोन्ही असतील. काकू पुढच्या खुर्चीवर असतील, आणि त्यांनी सांगून ठेवले आहे की आधी साफ केलेले लावायचे, मग जुने, म्हणजे शब्द आधी कळतात.